पर्सेंटाइल घसरलं, पण मार्क वाढले

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बारावीत, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जेईईचा क्लास लावलेला. दिवाळीआधीच्या टेस्टमध्ये ३०० पैकी ९६ मार्क आणि ८२ पर्सेंटाइल. परवाच्या टेस्टमध्ये ११८ मार्क, पण पर्सेंटाइल ७९. ते लिहितात, “पोरगी मागे पडत चालली. वर्षभरात काय मिळवलं आणि पुढची ध्येयं काय, ते तिला कागदावर लिहायला सांगितलं. पहिल्या रकान्यात तिनं ‘काहीच नाही’ लिहिलं, दुसरा कोराच ठेवला. अभ्यास सोडून आईच्या डब्यांचा हिशोब करत बसते. नागपूरचं व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेज डोळ्यांसमोर ठेवून तिला ध्येयं ठरवून द्या.”

भाऊ, मला काळजी वाटली ती त्या ‘काहीच नाही’ची. सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या हातानं असं लिहिते, तेव्हा ते तिचं एकटीचं मत नसतं. घरात रोज कानावर पडतं तेच कागदावर उतरतं. हॉलच्या भिंतीवर तुम्ही प्रत्येक टेस्टच्या रँकचा तक्ता लावलाय आणि आल्यागेल्यासमोर त्यावर बोलणंही होतं, असं तुम्हीच लिहिलंय. तो तक्ता आजच काढा. त्यानं तिचा अभ्यास वाढलेला नाही, धास्ती वाढली आहे.

आता त्या घसरणीबद्दल. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ७९ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा देणाऱ्या दर शंभरातल्या ७९ जणांचे मार्क तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी. हा आकडा तिच्यासोबत पेपर कोण देतंय त्यावरही ठरतो. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की दिवाळीनंतर क्लासनं तिला वरच्या बॅचमध्ये टाकलं आणि पर्सेंटाइल बॅचपुरतंच काढतात. मग कोडं कुठे उरलं? सोबतची मुलं जास्त तयारीची आली, म्हणून पर्सेंटाइल तीननं उतरलं. तिचे मार्क मात्र २२ नं वाढले, तेही चुकीच्या उत्तराला एक मार्क कापणाऱ्या पेपरात. वरची बॅच मिळाली, मार्क वाढले, आणि घरात तिला ऐकायला काय मिळालं? मागे पडतेस.

डब्यांचंही तसंच. मेडिकल चौकाकडच्या मुलांचे चाळीस डबे, कोण कधी गावाला गेलं, कोणाचे किती खाडे वजा करायचे, कोणाची उधारी राहिली, हे सगळं ती रात्री वहीत मांडते आणि महिन्याचा हिशोब रुपयाला जुळतो. तुम्ही हे तक्रार म्हणून लिहिलंत. मी तो त्या पहिल्या रकान्यात सगळ्यात वर लिहिला असता. परीक्षा तोंडावर असताना हे काम थोडं कमी करावं का, हे आई आणि ती मिळून ठरवू शकतात. पण त्याला वेळ घालवणं म्हणू नका.

ध्येयं मी ठरवून देणार नाही, तुम्हीही देऊ नका. ‘९९ पर्सेंटाइल’ हे तर ध्येय म्हणून कामाचंच नाही, कारण बाकीच्यांचे मार्क तिच्या हातात नाहीत. तिला परवाचा पेपर घेऊन बसू द्या. चुकलेल्या प्रश्नांचे तीन गट तिनं स्वतः करावेत: येतच नव्हते ते, आकडेमोडीत चुकले ते, घाईत नीट न वाचलेले. जो गट मोठा, त्यावर पुढचे पंधरा दिवस काम. आकडेमोडीचा निघाला तर रोज वेळ लावून दहा गणितं, एवढं पुरे. पंधरा दिवसांनी तोच गट पुन्हा मोजायचा, आणि तो तिनंच मोजायचा.

परीक्षांचं म्हणाल तर व्हीएनआयटीला जेईई मेन लागते आणि तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात. सोबत एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भराच, तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही.

व्हीएनआयटी तुम्हाला का हवं, हे पत्रात दोनदा आलंय: पुतण्या तिथे आहे. तिला काय हवं, हे एकदाही नाही. जानेवारीच्या पेपराआधी तिला एकदा विचारा आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका. उत्तर व्हीएनआयटी नसलं, तर पुढचं पत्र तिला लिहू द्या.