हाताच्या जुन्या एक्झिमावर नवीन क्रीम आलंय, त्याची टेस्टिंग नेमकी कशी झाली?

तुम्ही बहुतेक डेल्गोसिटिनिबबद्दल विचारताय, हे स्टेरॉइड नाही, जाक इनहिबिटर आहे, म्हणजे कातडीत सूज आणि खाज पेटवणारे सिग्नलच अडवतं. डेल्टा 1 आणि डेल्टा 2 अशा दोन ट्रायल झाल्या, दोन्हीत मध्यम ते तीव्र त्रास असलेली मोठी माणसं घेतली, ज्यांना स्टेरॉइड क्रीम पुरेसं पडलं नव्हतं किंवा चालत नव्हतं. दिवसातून 2 वेळा, 16 आठवडे लावायचं, आणि दर 3 जणांतल्या एकाला तसंच क्रीम पण औषधाशिवायचं.

हे बिनऔषधाचं क्रीम का, तर नुसत्या ओलाव्यानेही हात सुधारतात हो! आमच्या आईच्या बोटांना भेगा आहेत, लसूण सोलताना अशी झोंबते की विचारू नका, पण आठवडाभर व्हॅसलीन चोपडून ग्लोव्हज घातले की निम्मं बरं वाटतं. मग औषधाचा गुण किती ते वेगळं कसं काढणार?

पास व्हायची अट पण कडक होती, भेगा, खपल्या, फोड काही नको, जेमतेम दिसेल न दिसेल एवढी लाली चालेल. डेल्टा 1 मध्ये औषधवाले सुमारे 20 टक्के तिथे पोचले, बिनऔषधवाले 10, आणि डेल्टा 2 मध्ये 29 विरुद्ध 7. म्हणजे फरक खरा आहे पण जादू नाही, बऱ्याच जणांचे हात पूर्ण साफ झाले नाहीतच. युरोपात 2024 ला आणि अमेरिकेत 2025 ला मंजुरी मिळाली.