ताई, आईबद्दल दोन पानं लिहायचीत, काय लिहू?

प्रश्न : सलाम ताई. माझी आई पुढच्या महिन्यात ९० वर्षांची होतेय. पप्पा चर्चचे पाळक होते, त्यांना जाऊन १२ वर्षं झाली. लग्नात आई १९ची होती, तेव्हापासून पप्पा रिटायर होईपर्यंत ती पाळकबाई, वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत पाच गावांत बिऱ्हाड हलवलंय तिने. मंडळीने उपकारस्तुतीची उपासना ठेवलीय आणि एक पुस्तिका काढतायत, त्यात आईवर दोन पानं मी लिहायची. कमिटीने जुना मजकूर पाठवला, त्यात पप्पांच्या बदल्या, पप्पांनी दुरुस्त केलेलं चर्च, सगळे सन, आणि आईबद्दल एकच ओळ, "त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली". आईला विचारलं तर म्हणते, मी काय केलं गं, सगळं प्रभूने केलं. भाऊ म्हणतो तेवढी ओळ पुरे. आणि खरं सांगू का, माझ्याही मनात एक सल आहे. मी सातवीत टायफॉईडने पडले होते तेव्हा आई दुसऱ्या कुणाच्या बाळंतपणाला गेली होती. हे लिहायचं की गिळायचं?
— एक लेक, रत्नागिरी

उत्तर : सलाम. मी त्या "मोलाची साथ"वरच अडले बघा. ही ओळ मी किती पुस्तिकांत वाचलीय आणि दर वेळी जीव तुटतो, कारण ती खोटी नाही, पण तिच्यात बाई कुठे दिसतच नाही. दोन पानं मिळालीत ना, मग आईने काय काय काम केलं ते लिहा. कामच लिहा.

माझी मोठी मावशी दापोलीला पाळकबाई होती, सुट्टीत मी तिच्याकडेच असायचे म्हणून सांगते. चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ती रसासाठी काळ्या मनुका धुऊन भिजत घालायची, संध्याकाळी मंद आचेवर उकळायची आणि पातळ फडक्यातून पिळून गाळायची, ते फडकं पुन्हा कधी पांढरं झालंच नाही. रविवारी उपासना संपली की सगळे बाहेर गप्पा मारत उभे, आणि ही आत त्या इवल्या इवल्या काचेच्या पेल्या एकेक धुऊन पुसून उपड्या मांडतेय. पावसाळा लागला की पेटी ओल धरायची, पट्ट्या दाबल्या की वरच येईनात, मग ती पेटी उचलून चुलीच्या उबेला नेऊन ठेवायची, नाहीतर रविवारी भजनं कशावर म्हणणार. दुपारच्या एसटीने न सांगता चार माणसं उतरायची, कुणी भांडण घेऊन, कुणी पोराची फी मागायला, आणि बांगड्याचं कालवण घरच्यांपुरतंच असलं तरी ती आणखी एक नारळ वाटून सगळ्यांना पुरवायची, स्वतः सोलकढी-भातावर उठायची. पगार एकाचा आणि कामाला दोघं, असं होतं ते. हे सगळं तुमच्या आईनेही केलं असणार, थोडं वेगळं, थोडं जास्तच.

पण तिला "तुझ्या सेवेबद्दल सांग" असं विचारू नका, ती प्रभूचंच नाव घेणार, आणि तो तिचा विश्वास आहे, तो खोडून काढू नका, तिचं ते वाक्य जसंच्या तसं लिहा. त्यापेक्षा लसूण सोलताना सहज विचारा, नाताळात गायनाची पोरं मध्यरात्री यायची तेव्हा चहाचं पातेलं कुणाकडून आणायचीस, करंज्या किती करायचीस, बदलीच्या वेळी ट्रंकेत पहिलं काय भरायचीस. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, तिला सांगून.

दुसरं म्हणजे ज्या ज्या चर्चमध्ये होतात तिथली लग्नाची रजिस्टरं बघा. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार नोंदीवर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, पाळकाची सही वेगळी. आयत्या वेळी साक्षीदार कमी पडला तर कोण उभं राहणार, पाळकबाईच. आईची सही सापडली तर तारखेसकट गाव मिळतं, आणि त्या घरची माणसं शोधता येतात, त्यांना आईच्या ज्या गोष्टी माहीत असतील त्या तुम्हालाही माहीत नसतील.

भावाला आणि कमिटीला बायबलातल्या नीतिसूत्रेचा ३१वा अध्याय वाचायला सांगा. १०व्या वचनापासून शेवटपर्यंत, म्हणजे २२ वचनं, सद्गुणी स्त्रीचं वर्णन आहे आणि ते जवळजवळ सगळं कामांचंच आहे, ती लोकर आणि ताग मिळवते, पहाट व्हायच्या आधी उठते, शेत घेते, द्राक्षमळा लावते, गरिबाला हात देते. पवित्र शास्त्र जर इतकं मोजून सांगतंय तर आपण एका ओळीत का उरकायचं?

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण सगळेच देतात आणि योग्यच आहे, पण मला आपल्या हर्णैची आठवण येते. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे मिशनरी जोडपं स्कॉटलंडहून आलं आणि हर्णैला राहून मराठी शिकलं, दोघंही. पुढे मुंबईत मुलींच्या शाळा मार्गारेटबाईंनी काढल्या, १८३५ला त्या वारल्यासुद्धा. कॉलेजला विल्सन नाव आहे ते सगळ्यांना ठाऊक, मार्गारेटबाई किती जणांना ठाऊक असतात?

आता तो सल. लिहा, पण आधी आईशी बोला. त्या काळी वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनचं सेंट ल्यूक हॉस्पिटल होतं तसं प्रत्येक गावात काही नव्हतं, रात्री कळा सुरू झाल्या की कंदील घेऊन माणूस पाळकाच्या दारात यायचा आणि आईला उठवायचा. म्हणून तुमचं दुखणं छोटं होत नाही, सातवीतल्या पोरीला तापात आईच हवी असते, त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण तिला विचारा, त्या रात्री तिथे बसून तिच्या मनात काय चाललं होतं. मावशीच्या लेकीने असंच विचारलं होतं, मावशी बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "पाय तिथे होते गं, कान घराकडेच." इतकी वर्षं हे कुणी तिला विचारलंच नव्हतं. तुमची आई जे सांगेल ते लिहा, काहीच नाही बोलली तर तेही लिहा. पाळकाच्या घरातल्या पोरांनी आपली आई गावाबरोबर वाटून घेतली, हे पुस्तिकेत आलं तर मंडळीलाही कळेल की तिच्या सेवेत तुमचाही वाटा होता.

छापायच्या आधी सगळं तिला वाचून दाखवा, ती नको म्हणेल ते काढा.

आणि एक राहिलं. तुमच्या मूळ पत्रात पप्पांचं पूर्ण नाव दोनदा होतं, आम्ही छापताना काढलं. आईचं नाव मी पुन्हा पुन्हा शोधलं, कुठेच सापडलं नाही. पुस्तिकेत पहिल्या ओळीत ते घाला, माहेरच्या नावासकट.