वायुगळतीच्या बातम्यांत ‘बाधितांचे’ आकडे सतत का बदलतात? तालुका पातळीवर अशा घटनांची नीट नोंद कशी ठेवावी?

आकडे बहुतेक वेळा खोटे नसतात. ‘बाधित’ म्हणजे कोण, हेच आधी ठरलेलं नसतं. पोलीस हलवलेल्या लोकांना मोजतात, रुग्णालय केसपेपर निघालेल्यांना, आणि कंपनी फक्त स्वतःच्या पटावरच्या कामगारांना. कंत्राटी कामगार त्या यादीत बरेचदा नसतातच.

या प्रश्नावर बारकाईने काम झालं ते अमेरिकेत. तिथल्या एटीएसडीआर या विषारी पदार्थांच्या आरोग्यपरिणामांवर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेने १९९० ते २००९ या काळात काही राज्यांच्या आरोग्य खात्यांमार्फत एचएसईईएस नावाची, घातक रसायनांच्या गळत्यांची नोंदयंत्रणा चालवली. २०१० मध्ये तिची जागा एनटीएसआयपी या त्याच संस्थेच्या नव्या कार्यक्रमाने घेतली. एचएसईईएसच्या व्याख्या आजही उचलण्यासारख्या आहेत. घटना म्हणजे घातक पदार्थ अचानक आणि अनियंत्रितपणे सुटणं. नुसतं पेट्रोल-डिझेल सांडलं तर ते धरायचं नाही. बाधित म्हणजे घटनेपासून २४ तासांत, त्या घटनेमुळे झालेला असावा असा किमान एक त्रास नोंदवला गेलेली किंवा मृत्यू पावलेली व्यक्ती. घर सोडावं लागलेल्यांचा रकाना वेगळा. एवढं केलं तरी बातमीतला निम्मा गोंधळ मिटतो.

माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद दुसरीकडे आहे. एकही माणूस जखमी झाला नाही अशा घटनाही तिथे नोंदवल्या जात, आणि बहुसंख्य घटना तशाच असत. शून्य बाधितांची नोंद टाळली, तर एखाद्या बर्फाच्या कारखान्यात तोच व्हॉल्व्ह वर्षात तिसऱ्यांदा गळला हे कधी कळणारच नाही.

म्हणून दोन तक्ते ठेवा. पहिल्यात प्रत्येक घटनेला एक ओळ, दुसऱ्यात प्रत्येक व्यक्तीला एक, आणि दोन्हींना जोडणारा घटनाक्रमांक.

घटनेच्या तक्त्यात सर्वात जास्त घोळ होतो तो पदार्थाच्या नावात. ‘उग्र वासाचा वायू’ ही नोंद काही कामाची नाही. टँकर असेल तर त्यावरच्या आपत्कालीन माहिती फलकावरचा चार आकडी यूएन क्रमांक उतरवा: निर्जल अमोनिया १००५, क्लोरीन १०१७, स्टायरीन २०५५. कारखान्यात कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाला दिलेला जागतिक ओळख क्रमांक) मागा, कारण व्यापारी नावं दर पुरवठादारागणिक बदलतात. आणि साठवलेलं काय होतं आणि हवेत आलं काय, हे दोन वेगळे रकाने ठेवा. जलतरण तलावावर हायपोत (पाणी शुद्ध करायच्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये) चुकून आम्ल ओतलं गेलं, तर साठा हायपोचा असतो, पण त्रास क्लोरीनचा होतो.

त्यापुढे वेळ (सुरू कधी, थांबली कधी), अक्षांश-रेखांश, वाऱ्याची दिशा, अंदाजे किती किलो, स्थिर ठिकाण की वाहतूक, आणि कारण. कारणाला दोन रकाने द्या. ‘मानवी चूक’ एवढं लिहून लोक मोकळे होतात. त्यामागे देखभाल होती, गंज होता की रात्रपाळीत अपुरी माणसं, हे दुसऱ्या रकान्यात यावं.

व्यक्तीच्या तक्त्यात वय, लिंग, घटनेच्या वेळी ती नेमकी कुठे होती, आणि ती कोण: कामगार, रहिवासी, विद्यार्थी की मदतीला गेलेला. मदतीला गेलेल्यांच्या अंगावर कोणती संरक्षक साधनं होती हेही लिहा. अमेरिकेत मेथअँफेटामिन हा अमली पदार्थ बेकायदा बनवणाऱ्या अड्ड्यांवर गेलेले पोलीस साधनांशिवाय आत शिरून जखमी होतात, हे याच रकान्यांतून पुढे आलं. तीव्रतेच्या पायऱ्या ठरलेल्या ठेवा: जागेवर उपचार, बाह्यरुग्ण, निरीक्षणाखाली, दाखल, मृत्यू.

रुग्णालयातून नावं काढताना नुसता टी५९ (वायू, धूर, वाफांची विषबाधा) हा आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला संकेत शोधू नका. त्यातला टी५९.४ क्लोरीनचा, पण गर्दीच्या रात्री डॉक्टर ‘धाप’ किंवा ‘डोळ्यांची आग’ एवढंच लिहितात. जे६८ (रसायनं श्वासातून गेल्याने झालेले श्वसनविकार) पाहा, आणि त्या तासांतलं अपघात विभागाचं रजिस्टर हाताने चाळा. क्लोरीन आणि फॉस्जीन या विषारी वायूंमध्ये फुप्फुसात पाणी होणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतं. त्यामुळे २४ तासांचा आकडा बंद केल्यावरही ४८ तासांनी एक फेरी मारा आणि ते रुग्ण ‘उशिरा आलेले’ म्हणून वेगळे दाखवा. मूळ आकड्यात गुपचूप मिसळले की पुन्हा तोच बातमीतला गोंधळ.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. घातक रसायनांबाबतच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठा अपघात ४८ तासांत संबंधित प्राधिकरणाला कळवावा लागतो. पण तो अहवाल प्रामुख्याने अपघाताचा असतो, माणसांचा नव्हे, आणि आरोग्य खात्याच्या टेबलावर आपोआप येत नाही. छोट्या गळत्या तर त्यात सापडणारच नाहीत.

माणसं त्या क्षणी कुठे होती याची यादी पहिल्या काही दिवसांतच करावी लागते. भोपाळमध्ये १९८४ च्या त्या रात्री हवेतल्या वायूची मोजमापंच नव्हती, त्यामुळे तीव्र, मध्यम आणि सौम्य बाधित वस्त्या आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेला मृत्यूंच्या प्रमाणावरून ठरवाव्या लागल्या. नंतरच्या सगळ्या अभ्यासाचा पाया तोच राहिला. घरोघरच्या पाहणीला एक पानी फॉर्म पुरतो: नाव, ठिकाण, घरात की बाहेर, खिडक्या उघड्या की बंद, पहिला त्रास कधी, संपर्क. संपर्क लिहिलाच नाही तर सहा महिन्यांनी फुप्फुसांची तपासणी कुणाची करणार?

माहिती एकाच ठिकाणाहून येईल अशी आशा धरू नका. अग्निशमन केंद्राची नोंदवही, १०८ चे कॉल, औद्योगिक सुरक्षा संचालनालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि स्थानिक वर्तमानपत्र अशा पाच ठिकाणी आठवड्यातून एकदा विचारणा करा. एकच घटना तीन नावांनी येईल: एकाकडे कंपनीचं नाव, दुसऱ्याकडे प्लॉट क्रमांक, तिसऱ्याकडे गावाचं. तारीख, तास आणि पदार्थ जुळवून त्या एकत्र करा. आणि एखाद्या महिन्यात काहीच आलं नाही, तर शून्य लिहिण्याआधी अग्निशमन केंद्राला फोन करून खात्री करा.