हे मला आधी कुणी दाखवलं का नाही?

माझ्याकडे सल्ल्यासाठी ‘वाट चुकली’ म्हणून येणाऱ्या माणसांत दोन तऱ्हा दिसतात. काहींना आपण काय सोडलं ते नेमकं ठाऊक असतं. समोर दोन पर्याय होते, एक घेतला, दुसरा मनात सलत राहिला. दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांनी काहीच सोडलेलं नसतं. आज जे हवंहवंसं वाटतंय, तसं काही जगात असतं हेच त्यांना कित्येक वर्षं माहीत नव्हतं. मग ती विचारतात, जे समोर आलंच नाही ते मी निवडणार कसं? आणि मग हे आयुष्य माझं म्हणायचं की परिस्थितीचं?

अशाच एका बाईंची ही हकिगत. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, बरीच वर्षं एका कंपनीच्या हिशेब विभागात. काम चोख, घरात सगळं ठीक. त्यांच्या कार्यालयात एक कर्णबधिर सहकारी रुजू झाले आणि पुढच्या प्रशिक्षणाला सांकेतिक भाषेच्या दोन दुभाषी बायका आल्या. हे काम यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

“प्रशिक्षण कशाचं होतं विचाराल तर सांगता येणार नाही मॅडम,” त्या म्हणाल्या. “दोघींचे कपडे साधे, गडद रंगाचे. हात उठून दिसावेत म्हणून. वीसेक मिनिटं झाली की एक बसायची, दुसरी पुढे यायची. प्रश्न आला की भुवया वर. मला वाटलं सवय असेल, तर मधल्या सुट्टीत त्या म्हणाल्या, हे व्याकरण आहे. हो की नाही असं विचारायचं असलं की भुवया वर जातात. चेहऱ्यावर व्याकरण असतं, हे मला या वयात कळतंय!”

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पहिले काही दिवस नुसतं कुतूहल होतं, मग राग आला. शाळा संपल्यावर ‘हिशेबाचं शीक, नोकरीला मरण नाही’ असं सांगणाऱ्या मामांचा राग, मान डोलावणाऱ्या आईवडिलांचा, आणि शेवटी स्वतःचा. माझ्यासमोर बसून त्या म्हणाल्या, “वीस वर्षं फुकट गेली.”

त्या वाक्याशी मी वाद घातला नाही. ‘असं कसं म्हणता, किती मिळवलंत तुम्ही’ हे त्यांना घरचे सांगतच होते आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. मी त्यांना एक यादी करून आणायला सांगितली. सोळा वर्षांच्या होईपर्यंत कोणकोणती कामं तुम्ही जवळून पाहिली होती? पुस्तकात वाचलेली, नुसती ऐकलेली नकोत. ते काम रोज करणारं माणूस ओळखीचं हवं, आणि ते काम करताना तुम्ही त्याला पाहिलेलं हवं.

यादीत सात कामं होती. शिक्षिका, नर्स, कारकून, शिंपी, दुकानदार, ड्रायव्हर आणि बँकेत असणारे एक काका. त्या कागदाकडे बघत बसल्या आणि मग जरा चकितच होऊन म्हणाल्या, “यातलं त्या वेळी मला जमण्यासारखं सगळ्यात बरं तेच तर मी घेतलं होतं.”

तेव्हा मी त्यांना एका संशोधनाबद्दल सांगितलं. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दहा लाखांहून जास्त संशोधकांच्या, म्हणजे पेटंट मिळवणाऱ्यांच्या, बालपणाची माहिती तपासली. 2019 मध्ये ते प्रसिद्ध झालं. एखाद्या क्षेत्रातली संशोधक मंडळी ज्या मुलांच्या घरात किंवा आसपास होती, ती मुलं मोठेपणी नेमक्या त्याच क्षेत्रात संशोधन करण्याची शक्यता जास्त होती. मुलींच्या बाबतीत तर आसपास त्या क्षेत्रातल्या बायका असल्या तरच फरक पडत होता, पुरुष संशोधक असून उपयोग नव्हता. गणितात हुशार असूनही हे काही डोळ्यांसमोर न आल्यामुळे तिकडे न वळलेली मुलं कितीतरी होती. त्यांनी चुकीची निवड केली असं आपण म्हणत नाही. मग स्वतःच्या बाबतीत का म्हणायचं?

बाईंना बरं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. पुढच्या भेटीत त्या नवी शंका घेऊन आल्या, आणि ती पहिलीपेक्षा अवघड होती. “सगळं परिस्थितीनेच ठरतं तर मग यात मी कुठे आले? त्या दिवशी मी रजेवर असते तर?”

असते तर कदाचित हे कळलंच नसतं, हे मान्य करायला हवं. योगायोगाचं वजन कमी करून सांगण्यात अर्थ नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1982 मध्ये नेमका याच विषयावर, आयुष्याची दिशा बदलणाऱ्या अवचित गाठीभेटींवर, लेख लिहिला. ते स्वतः मानसशास्त्रात आले तेही असेच. कॉलेजात असताना ज्यांच्याबरोबर ते गाडीतून जात त्या मित्रांचे वर्ग सकाळी लवकर भरत. रिकामा वेळ भरून काढायला त्यांनी मानसशास्त्राचा वर्ग घेतला, कारण तो त्या वेळेत बसत होता. पण बांडुरांचं म्हणणं एवढ्यावर संपत नाही. अवचित काय समोर येईल ते आपल्या हातात नसतं, पण त्यातलं काय आपल्याला धरून ठेवेल हे पुष्कळ अंशी आपण कोण आहोत यावरही ठरतं.

मी बाईंना विचारलं, “त्या दिवशी हॉलमध्ये बाकीचे काय करत होते?”

“फोन बघत होते. एक जण तर पेंगत होता.”

म्हणजे योगायोग सगळ्यांच्या वाट्याला सारखाच आला होता. मग यांनाच का धरलं? इथे आम्ही बराच वेळ घालवला. हल्ली अशा वेळी ‘तुमची पॅशन सापडली’ असं म्हणून टाळ्या वाजवायची पद्धत आहे. मला तो शब्द फारसा मानवत नाही, त्याने पुढची चौकशीच बंद पडते. मी विचारलं, हिशेब विभागात कोणत्या दिवशी तुम्ही घरी खुशीत जाता? उत्तर आलं, लेखापरीक्षक येतात त्या दिवसांत. बाकी सगळे तेव्हा वैतागलेले असतात. पण लेखापरीक्षकांची आक्षेपांची भाषा कारखान्यातल्या लोकांना आणि त्या लोकांची अडचण लेखापरीक्षकांना समजावण्याचं काम बाईंकडे येई, अगदी आपसूक. “दोघांनाही वाटतं मी त्यांच्या बाजूची आहे,” हे सांगताना त्या पहिल्यांदा हसल्या. फुकट गेलेली म्हणतात त्या वीस वर्षांत हे काम होतंच. त्याला पद नव्हतं, इतकंच.

यानंतर नोकरी सोडण्याची भाषा सुरू झाली. तिथे मात्र मी ब्रेक लावला. एखादं काम एका दिवसात दिसतं तेव्हा त्याची सजलेली बाजू दिसते. म्हटलं, त्या दोघींपैकी एकीला भेटा आणि कामातला सगळ्यात वाईट दिवस कोणता ते विचारा.

भेटून आल्या त्या गंभीर होऊन. खांदे आणि मनगटं दुखतात, काम नेमाने मिळेलच असं नाही, भाषा हातात बसायला वर्षं जातात. याची त्यांना थोडीफार कल्पना होती. नवीन होतं ते वेगळंच. दुभाषी नेहमी प्रथमपुरुषी बोलतो. ‘डॉक्टर म्हणतायत की’ असं नाही. डॉक्टर ‘मला वाईट बातमी द्यायची आहे’ म्हणाले, की ‘मला’ म्हणूनच ते समोरच्याला सांगायचं, तेही स्वतःच्या हातांनी. आणि तो माणूस रडत म्हणाला ‘मी घरी काय सांगू?’ तर तेही ‘मी’ म्हणूनच मोठ्याने बोलायचं. “हे मला झेपेल का, माहीत नाही,” बाई म्हणाल्या. मला हे वाक्य ‘वीस वर्षं फुकट गेली’पेक्षा कितीतरी आश्वासक वाटलं. त्या आता खऱ्या कामाबद्दल बोलत होत्या.

वयाचा मुद्दा राहिलाच. “आता या वयात मी काय बदलणार?” 2013 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात 18 ते 68 वयाच्या 19,000 हून जास्त लोकांना विचारलं होतं, गेल्या दहा वर्षांत किती बदललात आणि पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल. सगळ्याच वयांच्या लोकांचं उत्तर एका धर्तीचं होतं: आतापर्यंत बरंच बदललो, यापुढे फारसं नाही. अठरा वर्षांच्या मुलांनाही आपण आता कायमचे घडलो असं वाटतं, तर तुमच्या वाटण्यावर किती विसंबायचं? हे ऐकून त्या म्हणाल्या, “मामांना सांगायला हवं.” मामा आता पंच्याहत्तरीचे आहेत आणि कुणाचं ऐकत नाहीत.

सध्या त्या शनिवारी सांकेतिक भाषेच्या वर्गाला जातात. शिकवणारे स्वतः कर्णबधिर आहेत, त्यामुळे वर्गात तोंडाने बोलायला बंदी. पहिला महिनाभर घरी येऊन डोकं दुखायचं म्हणे. कार्यालयातले ते कर्णबधिर सहकारी त्यांच्या चुकीच्या खुणांवर मनसोक्त हसतात आणि दुरुस्तही करतात. मध्यंतरी कंपनीने बढती देऊ केली आहे, पण त्यात शनिवारी कामावर यावं लागेल. “या वेळी निदान दोन्ही गोष्टी समोर आहेत,” त्या म्हणाल्या. उत्तर द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. त्याआधी आमची एक भेट ठरली आहे, आणि तिला येताना बढतीच्या कामाचाही सगळ्यात वाईट दिवस कोणता, हे विचारून यायला मी सांगितलं आहे.