बटाटा सडका निघाला, तरी सगळे पैसे द्यायचे का?

कुर्ल्याच्या एका वाचकाने विचारलंय: वाशी मार्केटमधून ८० गोणी बटाटा उधारीवर आणला, तिसऱ्या दिवशी गोण्यांतून पाणी गळायला लागलं, घाण वास सुटला, मग चांगला निवडून वडापाववाल्यांना दिला, बाकीचा फेकला, दोन गोण्या पडून आहेत. आता व्यापाऱ्याची पूर्ण रकमेची नोटीस आलीय.

दर पावसाळ्यात असेच प्रश्न येतात आणि दर वेळी तेच, व्यापाऱ्याला फोन केला पण लिहून काही पाठवलं नाही! अहो, त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि "माल घेत नाही, उचलून न्या" एवढं टाकायला काय लागतं? तुमचं सगळं अडतंय ते १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ४२ वर. माल नाकारतोय हे वाजवी वेळेत कळवलं नाही किंवा तो पुढे विकला, की स्वीकारला असंच धरतात. त्यामुळे माल परत करून हात झटकणं आता जमणार नाही.

पण कलम ५९ शिल्लक आहे, खराबीपुरती किंमत कमी करून मागता येते. व्यापारी म्हणेल गाळ्यावर बघून घेतलात, तर उत्तर द्या की बटाट्याला पाणी सुटून वास येणाऱ्या या सडीत, म्हणजे मऊ कुजीत, जिवाणू आतला गर विरघळवतो, वरून साल चांगली दिसते, गोणी उघडून बघितली तरी सुरुवातीला कळत नाही. तुमच्याकडे ओल्या बंद जागेत सडला असंही तो म्हणेल, तिथे कोर्ट काय धरेल सांगता येत नाही. लॅब जिवाणू कोणता ते सांगेल, लागण कधी झाली ते सांगणं कठीण.

ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) जायचा विचार असेल तर धंद्यासाठी घेतलेल्या मालाला तिथे बहुतेक थारा मिळत नाही.

नोटिशीला या आठवड्यातच वकिलामार्फत उत्तर द्या, चांगल्या निघालेल्या मालाचे पैसे हक्क राखून, म्हणजे बाकीची रक्कम मान्य नाही असं लिहून, देऊन टाका, बाकीच्याचा हिशोब जोडा. फोन बदलू नका, त्यातले असतील ते मेसेज आणि कॉलची नोंद कोर्टात लावायला २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. आणि गोण्या उतरवणाऱ्या हमालांची नावं, नंबर आजच लिहून घ्या, कारण दावा सुनावणीला यायला वर्षं जातात आणि तोवर ती माणसं गावी निघून गेलेली असतात.