विभागीय चौकशीत दोषारोप मान्य करावेत का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही तलाठी आहात, वसुलीची रक्कम नऊ दिवस उशिरा चलनानं भरलीत आणि आता दोषारोपपत्र हातात पडलंय. साहेब म्हणतात, "मान्य करून टाका, मिटवून टाकू." सहकारी म्हणतात, काहीच मान्य करू नका. मी महसूल खात्यातून निवृत्त झालो, बरीच वर्षं आस्थापना शाखेत होतो. या दोघांपैकी कोणाचंच ऐकू नका. जे केलंत ते मान्य करा, पण तेवढंच, आणि स्वतःच्या शब्दांत.

कबुलीनं मिटते ती चौकशी, शिक्षा नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधल्या नियम 8 प्रमाणे चाललेल्या प्रकरणात तुम्ही सगळे दोषारोप लेखी मान्य केलेत, की त्यावर निष्कर्ष नोंदवायचे आणि शिक्षेकडे वळायचं, एवढंच उरतं. ती शिक्षा ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत कुठलीही असू शकते. साहेबांचा तोंडी शब्द नस्तीत, म्हणजे फाइलीत, कुठंच नसतो.

माझ्यावर ही वेळ कनिष्ठ लिपिक असताना आली. वडील दवाखान्यात होते. कपाटातल्या शासकीय रकमेतले बाराशे रुपये मी घेतले आणि सहाव्या दिवशी परत ठेवले. मधेच तपासणी झाली. दोन दोषारोप आले: रक्कम स्वतःसाठी वापरली, आणि रोकडवहीत खोटी नोंद केली. पहिला खरा होता, दुसरा नव्हता. उत्तराचा पहिला मसुदा तीन पानांचा झाला, त्यात वडिलांचं आजारपण, कामाचा ताण, सगळं होतं. आमच्या अव्वल कारकुनांनी तो वाचला आणि लाल शाईनं दोन वाक्यं सोडून बाकी सगळं खोडलं. उरलं ते असं: "दोषारोप क्र. 1 मान्य आहे. दोषारोप क्र. 2 अमान्य आहे, नोंद माझ्या हस्ताक्षरात नाही." आजारपणाचे कागद स्वतंत्र अर्जाला जोडून शिक्षेत सौम्यता मागितली. चौकशी फक्त दुसऱ्या दोषारोपाची झाली आणि तो सिद्ध झाला नाही. पहिल्यासाठी दोन वर्षं वेतनवाढ रोखली. ती शिक्षा मला रास्त वाटली, आजही वाटते. पैसे माझे नव्हते.

म्हणून दोषारोपपत्राच्या जोडपत्र 1 मधलं, म्हणजे दोषारोप मांडलेल्या कागदातलं, प्रत्येक वाक्य सुटं करून वाचा. 'विलंबानं भरली', 'स्वतःकडे ठेवली' आणि 'अपहार केला' या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. नऊ दिवस रक्कम घरात पडून होती की खर्च झाली, हे तुम्हालाच ठाऊक. खर्च झाली असेल तर 'बँक बंद होती' असं लिहू नका. पावतीपुस्तक आणि चलनाच्या तारखा समोर ठेवल्या की ते पाच मिनिटांत उघडं पडतं, आणि मग तुमच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

'घडलं ते खरं, पण माझा दोष नाही' या उत्तराबाबतही सावध राहा. म्हैसूर राज्यातल्या हप्पळी नावाच्या पोलीस शिपायानं गैरहजेरी आणि उपोषण कबूल केलं, दोष मात्र नाकारला. सर्वोच्च न्यायालयानं ती दोषाचीच कबुली धरली. उलट जगदीश प्रसाद सक्सेना या सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणातल्या 1961 च्या निकालात, प्राथमिक चौकशीतला जबाब स्पष्ट कबुली नसताना त्याच्या जोरावर रीतसर चौकशी टाळता येत नाही, असं त्याच न्यायालयानं म्हटलं. तुमच्याकडूनही असा जबाब लिहून घेतला असेल, तर त्याची प्रत आधी मागा.

पोलिसात गुन्हाही दाखल झाला असेल, तर लेखी उत्तर देण्यापूर्वी ते फौजदारी वकिलाला दाखवा. तुमची सही तिकडेही पुढे येऊ शकते. कागद पाहायला मुदत पुरत नसेल, तर मुदतवाढीचा अर्ज आजच द्या आणि आवक शाखेची पोच घ्या.