कादंबरी लिहायची म्हणून कॉलेज सोडू का?

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला कादंबरीकार व्हायचंय. दीड वर्षापासून एक कादंबरी लिहितेय, पण पहिली तीन प्रकरणंच पुन्हा पुन्हा लिहून होतात, पुढे सरकत नाही. कॉलेजमुळे वेळ मिळत नाही, म्हणून शिक्षण सोडून पूर्ण वेळ लिहावं असं वाटतं. बाबा म्हणतात, लिहून पोट भरत नाही. काय करू?

उत्तर : कॉलेज सोडू नकोस. तुझं घोडं वेळेपाशी अडलेलं नाही. तीन प्रकरणं दीड वर्ष घोटली जातात, कारण ज्या गोष्टीचा शेवट अजून ठाऊक नाही तिची सुरुवात बिनचूक करायची धडपड चाललेली असते. सुरुवात कशी हवी हे शेवट लिहून झाल्यावर कळतं. पुष्कळदा तर पहिलं प्रकरण अख्खं काढून टाकावं लागतं. त्यात लेखक स्वतःच पात्रांची ओळख करून घेत असतो, वाचकाला त्यातलं फारसं काही लागत नाही. तेव्हा आता त्या तीन प्रकरणांना हात लावायचा नाही. चौथं सुरू कर. समजा, नायिकेला एक धाकटा भाऊ हवा होता असं सातव्या प्रकरणात सुचलं, तर वहीत तेवढी एक ओळ नोंदवायची आणि तो भाऊ पहिल्यापासून आहेच असं धरून पुढे जायचं. मागे जाऊन त्याला बसवणं हे दुसऱ्या खर्ड्याचं काम.

आता वेळेचा हिशेब. मध्यम आकाराची कादंबरी ६० ते ८० हजार शब्दांची असते. रोज ५०० शब्द, आठवड्यातले पाच दिवस, असं धरलं तर ७५ हजारांचा पहिला खर्डा ३० आठवड्यांत होतो. परीक्षा आणि आजारपणं धरून नऊ-दहा महिने म्हण. ५०० शब्दांना साधारण तास-दीड तास लागतो, आणि तेवढा वेळ कॉलेज सांभाळून काढता येतो. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यातली नोकरी करत पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. हा वेग तुला झेपणार नाही, झेपायची गरजही नाही. घ्यायची ती ठरलेली वेळ. दिवसभर मोकळा असलेला नवखा लेखक सकाळचं दुपारवर ढकलतो आणि दुपारचं रात्रीवर. आणखी एक : लिखाण थांबवताना उद्या काय घडणार ते दोन ओळींत लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसून राहण्यातला अर्धा तास वाचतो.

२०-२५ हजार शब्दांच्या आसपास तू अडकशील. बहुतेक अर्धवट कादंबऱ्या तिथेच मरतात. सुरुवातीची उत्सुकता संपलेली असते आणि लक्षात येतं की पात्रावर नुसत्या गोष्टी कोसळताहेत, त्याला स्वतःला काही हवंच नाहीये. असं झालं की नवा अपघात किंवा नवं पात्र आणू नकोस. पुढच्या प्रत्येक प्रसंगाला विचार : इथे कोणाला काय हवंय, आडवं कोण येतंय, आणि प्रसंग संपताना काय बदललं? त्याच वहीत कालपट ठेव : प्रत्येक पात्राचं जन्मसाल, कोणता प्रसंग कोणत्या महिन्यात. नाहीतर पाचव्या प्रकरणात गरोदर असलेल्या बाईला चौदा महिने झाले तरी मूल होत नाही. छापून आलेल्या पुस्तकांतही असले घोळ सापडतात.

पहिला खर्डा संपला की महिनाभर बाजूला ठेव. मग कागदावर छापून सलग वाच; दुरुस्ती न करता समासात फक्त खुणा कर. त्यानंतर प्रत्येक प्रसंगाची एकेक ओळ लिहून यादी कर. ज्या प्रसंगात काहीच बदललं नाही तो काढ किंवा शेजारच्यात मिसळ. पुढची पाळी दृष्टिकोनाची : प्रसंग सुनेच्या नजरेतून चालू असेल, तर सासूच्या मनात काय आलं हे तिथे सांगता येत नाही. सासूच्या हाताची हालचाल दाखवता येते, तिचं बोलणं ऐकवता येतं. मग संवाद मोठ्याने वाच. नावं झाकल्यावर कोण बोलतंय हे ओळखू येत नसेल, तर सगळी पात्रं तुझ्याच आवाजात बोलताहेत. भाषेवर हात फिरवायचा तो सगळ्यात शेवटी. आधी फिरवलास की आवडती वाक्यं वाचवण्यासाठी निरुपयोगी प्रसंग ठेवले जातात. या सगळ्याला पहिल्या खर्ड्याइतकाच वेळ जातो, कधी जास्तच.

बाबांचं म्हणणं मात्र खरं आहे. समजा छापील किमतीच्या दहा टक्के मानधन ठरलं आणि हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली, तर तुझ्या हाती शंभर प्रतींची किंमत येते, तीही दोन वर्षांच्या कामाची. म्हणून बहुतेक कादंबरीकारांना दुसरं उत्पन्न लागतं. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या आल्या तेव्हा त्या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या. पदवी हवी ती अशा कामासाठी. विषय साहित्यच असला पाहिजे असं मुळीच नाही. काम निवडताना दोन गोष्टी बघ : वेळ ठरलेली आहे का, आणि संध्याकाळी डोक्यात शब्द उरतात का. जाहिरातींचं किंवा मालिकांचं लेखन पैसे बरे देतं, पण दिवसभर दुसऱ्यासाठी लिहून आल्यावर नवख्याला घरी स्वतःचं लिहिणं जड जातं. मुद्रितशोधन, उपसंपादन, अनुवाद यांत हात तयार होतो. हिशेबाची किंवा प्रयोगशाळेतली नोकरीही चालेल.

प्रकाशक मिळेल तेव्हा करार घरी आणून वाच. कॉपीराइट तुझ्या नावावर राहिला पाहिजे. प्रकाशकाला द्यायचा तो ठरावीक मुदतीचा छपाईचा हक्क. अनुवाद, ई-बुक, ऑडिओ आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळ्या कलमांत हवेत. मानधन छापील किमतीवर की सवलत वजा करून उरलेल्या रकमेवर, हे स्पष्ट लिहून घे. फरक मोठा पडतो. विक्रीचा हिशेब वर्षातून निदान एकदा मिळावा आणि पुस्तक बाजारात उपलब्ध नसेल तर हक्क परत यावेत, ही कलमं नसतील तर मागून घे. आणि छपाईचा खर्च तुझ्याकडून मागितला, तर ती छापून देण्याची सेवा आहे. घ्यायची तर घे, पण मग प्रती किती छापणार, विकणार कोण आणि उरलेल्या प्रती कुठे राहणार, हे पैसे देण्याआधी लेखी घे.